एकाच जाजमावर: एका क्लबचा जानेवारी महिना



धान घरात आला. ज्यांना विकायचा होता त्यांनी खरेदी केंद्रावर नेऊन टाकला. कुणाचे चुकारे जमा झाले, कुणाचे अजून यायचे आहेत. बांधीत लाखोळी, जवस उभं आहे. उन्हाळी धान घेणाऱ्यांची धावपळ आहेच, पण बाकीच्या आपल्याला जानेवारीत जरा हात मोकळे मिळतात. त्यामुळे शिबिरं, जयंत्या, हळदीकुंकू, स्पर्धा, सगळं याच महिन्यात येऊन पडतं.

मागच्या आठवड्यात आमच्या गटाच्या सचिवबाई तालुक्याला गेल्या होत्या. येताना तिथल्या एका सेवाभावी क्लबचं पत्रक घेऊन आल्या. अशा क्लबांची नावं तुम्ही दवाखान्याच्या बाकड्यावर, शाळेच्या पाण्याच्या टाकीवर वाचली असतील. पत्रकावर जानेवारी महिन्याचे कार्यक्रम छापले होते. ३ तारखेला सावित्रीबाई फुले जयंती आणि मुलींना वह्या. दुसऱ्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी डोळ्यांची तपासणी. संक्रांतीनंतर हळदीकुंकू. पोलिओच्या रविवारी बूथवर मदत. २६ तारखेला झेंडावंदन झाल्यावर रक्तदान. खाली अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, तिघंही पुरुष. हळदीकुंकवाच्या रकान्यात मात्र सात बायांची नावं, प्रत्येकीच्या आधी ‘सौ.’. त्यातल्या एकीचं तर स्वतःचं नावच नाही, नुसतं सौ. आणि नवऱ्याचं आडनाव.

या क्लबची मी टिंगल करत नाही. अशाच एका शिबिरामुळे माझ्या सासूबाईंना शेवटची दहा वर्षं दिसलं. पण ते पत्रक वाचताना मला वाटलं, ही क्लबची रीत आली कुठून? एका महिन्यात इतकी कामं बसवायची, त्यांची नोंद ठेवायची, हे कुणी सुरू केलं? आणि त्यात बाया कुठून शिरल्या, की बाहेरच बसल्या? आज तेवढंच सांगते. ३ तारखेचं सगळ्यात शेवटी येईल, त्याला कारण आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या शिकागो शहरात झाली. २३ फेब्रुवारी १९०५ या दिवशी पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीच्या माणसांना जमवलं. एक कोळशाचा व्यापारी, एक खाणीचा इंजिनिअर, एक शिंपी. मोठ्या शहरात कुणी कुणाला विचारत नाही, म्हणून आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत बसायचं ठरलं. आपल्या गटाची बैठक पहिल्या वर्षी कशी एकेकीच्या ओसरीवर व्हायची, तसंच. या आळीपाळीवरूनच ‘रोटरी’ हे नाव पडलं. पुढे नुसतं बसून काय करायचं, म्हणून गावासाठी एक काम हाती घेतलं. ते काम कोणतं, सांगा बरं? सार्वजनिक संडास. शहरात बाहेरून आलेल्या माणसाला जायला जागा नव्हती. दारूची दुकानं आणि मोठी कापडदुकानं यांच्याकडे ती सोय होती, पण आत गेलं की काहीतरी विकत घ्यावं लागायचं. त्यामुळे त्या दुकानदारांनीच विरोध केला. तरी क्लबाने नगरपालिकेच्या मागे लागून संडास बांधून घेतले. बाजाराच्या दिवशी दिवसभर पाणी न पिता बसणाऱ्या बाईला हे काम किती मोठं ते वेगळं सांगायला नको.

बारा वर्षांनी, १९१७ मध्ये, त्याच शिकागोत मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने लायन्स क्लब उभे राहिले. आता डोळ्यांच्या शिबिराचा धागा इथे लागतो. हेलन केलर हे नाव मुलांच्या पुस्तकात तुम्ही पाहिलं असेल. दीड वर्षाची असताना आजार होऊन तिची दृष्टी गेली आणि ऐकूही येईना. ती शिकली, पुस्तकं लिहिली, जगभर फिरली. ३० जून १९२५ रोजी ओहायो राज्यात लायन्सचं अधिवेशन होतं. तिथे तिने भाषण केलं आणि आंधळ्यांचं काम तुमचं समजून हाती घ्या, अशी मागणी केली. तेव्हापासून लायन्सचं मुख्य काम डोळ्यांचं झालं. भारतात पहिला लायन्स क्लब १९५६ मध्ये मुंबईत निघाला, आणि मग गावोगावी शिबिरं लागू लागली. ज्या बाईने त्यांना हे काम लावून दिलं, तिच्या जातीला, म्हणजे बाईच्या जातीला, त्या क्लबचं सभासद होता येत नव्हतं. ती परवानगी मिळायला १९८७ साल उजाडलं. मधे बासष्ट वर्षं गेली.

जुनी शिबिरं आठवतात का? शाळेला सुट्टी द्यायची, वर्गातले बाक बाहेर काढायचे, खाली सतरंज्या. मोतीबिंदूची ऑपरेशनं तिथेच. माणसं ओळीने पडलेली, डोळ्यावर पट्टी, मान हलवायची नाही. मोतीबिंदू काढायचे पण आत भिंग बसवत नसत, म्हणून नंतर तो जाड काचेचा चष्मा. चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. आता शाळेत ऑपरेशन करत नाहीत. जंतू लागून डोळे जायची भीती असते, म्हणून गावात फक्त तपासणी आणि ऑपरेशनला गाडीत बसवून दवाखान्यात नेतात. आत भिंग बसवतात, जाड चष्मा गेला. हा बदल चांगला झाला. पण बायांच्या बाबतीत एक अडचण वाढली. शाळेतलं शिबिर गावात होतं, घरचं कुणीही भाकर घेऊन जायचं. आता दवाखाना लांब. पत्रकावर बारीक अक्षरात ओळ आहे: रुग्णासोबत एक नातेवाईक आवश्यक.

म्हाताऱ्या बापाबरोबर मुलगा जातो. म्हाताऱ्या आईबरोबर कोण? सून गेली तर घरी स्वयंपाक कोण करणार, मुलगा गेला तर मजुरी बुडते. आणि ती स्वतःच म्हणते, माझं काय, तांदूळ निवडता येतात तोवर चालतंय. मोतीबिंदू बायांमध्ये जास्त आणि ऑपरेशन बायांचं कमी, असं आपल्या देशातल्या पाहण्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलं आहे. सासूबाईंच्या वेळी आमच्याकडेही दोन शिबिरं अशीच गेली. तिसऱ्या वेळी शेजारच्या वहिनी म्हणाल्या, मी जाते, मला भाचीकडे जायचंच आहे. म्हणून झालं, नाहीतर झालं नसतं.

आता हळदीकुंकवाच्या रकान्यातल्या ‘सौ.’चा इतिहास. क्लबातल्या पुरुषांच्या बायकांच्या अशाच एका वेगळ्या मंडळाची सुरुवात इंग्लंडमध्ये मँचेस्टरला झाली. मार्गारेट गोल्डिंग ही मुळात नर्स, नंतर धंद्यात उतरलेली बाई. पहिल्या महायुद्धात या बायकांनी नवऱ्यांच्या क्लबाचं बरंच काम ओढलं होतं. युद्ध संपलं, पुरुष म्हणाले, झालं, आता घरी जा. त्या गेल्या नाहीत. १९२३ च्या नोव्हेंबरात एका स्नानगृहाच्या खोलीत त्यांची बैठक झाली, कारण दुसरी जागा मिळाली नाही. १० जानेवारी १९२४ ला त्यांनी ‘इनर व्हील’ नावाचं मंडळ रीतसर सुरू केलं. म्हणजे आतलं चाक. रोटरीचं चिन्ह चाक आहे, हे त्याच्या आतलं. आजही जगभर हे मंडळ १० जानेवारी पाळतं आणि आपल्या राज्यातही त्याच्या कितीतरी शाखा आहेत. त्यांनी कामं मोठी केली, पण बाहेरच्या चाकात जागा नव्हती ती नव्हतीच.

ती जागा कशी मिळाली, ती गोष्ट मला फार आवडते, कारण ती एका लहान गावची आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ड्युआर्टे नावाचं गाव. तिथल्या रोटरी क्लबाचे सभासद कमी कमी होत गेले. आपल्याकडे भजनी मंडळात टाळ वाजवायला माणूस उरत नाही, तसं झालं. १९७७ मध्ये त्यांनी तीन बायांना सभासद करून घेतलं. क्रांती करायची म्हणून नाही, क्लब बंद पडेल म्हणून. वरच्या कार्यालयाला कळलं आणि मार्च १९७८ मध्ये अख्ख्या क्लबाची मान्यता काढून घेतली. नियमात लिहिलं होतं, सभासद पुरुषच हवा.

त्या लोकांनी क्लब बंद केला नाही. रोटरीच्या चाकावर फुली मारलेला बिल्ला छापला, तो छातीवर लावून दर आठवड्याला बसत राहिले आणि कोर्टात गेले. आधी हरले, वरच्या कोर्टात जिंकले. शेवटी ४ मे १९८७ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की बाई म्हणून तिला क्लबाबाहेर ठेवता येणार नाही. लायन्सनी दोनच महिन्यांनी आपला नियम बदलला. रोटरीने १९८९ मध्ये जगभरासाठी ‘पुरुष’ हा शब्द नियमातून काढला, म्हणजे आपल्याकडेही तेव्हापासून वाट मोकळी. त्या ड्युआर्टेच्या क्लबाची अध्यक्ष झाली सिल्व्हिया व्हिटलॉक, एका शाळेची मुख्याध्यापिका. रोटरी क्लबाची ती पहिली बाई अध्यक्ष. साऱ्या जगाच्या रोटरीला मात्र पहिली महिला अध्यक्ष २०२२ मध्ये मिळाली, कॅनडाच्या जेनिफर जोन्स. १९०५ पासून मोजा.

वाट मोकळी होऊन छत्तीस वर्षांच्या वर झाली. आमच्या हातातल्या पत्रकात तिघं पुरुष आणि सात सौ. नियमाने दार उघडलं तरी घरातली भांडी, वर्गणी आणि रात्री आठची बैठक याने ते पुन्हा लागतं. तालुक्याहून रात्री नऊला परत यायला गाडी कुठे असते?

पोलिओचा रविवार या महिन्यात धरायलाच हवा. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओचं काम जगभर हाती घेतलं. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पोलिओ संपवायचं ठरवलं, तेव्हा वर्षाला साडेतीन लाख लेकरं या रोगाने लुळी होत होती. आपल्या देशात १९९५ च्या डिसेंबरपासून ठरलेल्या दिवशी एकाच वेळी डोस पाजणं सुरू झालं. तुमच्यातल्या कितीजणींनी आपल्या लेकराचं डाव्या करंगळीचं शाई लावलेलं नख मिरवलं असेल! एका फेरीत देशात सतरा कोटींच्या आसपास बालकं आणि वीस लाखांहून जास्त पाजणारे हात. तरीही २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ४२ झाले. २०११ मध्ये एकच. ती शेवटची रुग्ण म्हणजे पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यातली एक चिमुकली, १३ जानेवारी २०११. पुन्हा जानेवारीच.

हावडा म्हटलं की आपल्याला लांब वाटत नाही. मुंबई-हावडा लाइन आपल्या गोंदियावरून जाते. गाडीत माणूस बसतो तसा रोगही बसतो, म्हणूनच मोठ्या स्टेशनांवर आणि बसस्टँडवर प्रवासातल्या लेकरांना डोस पाजायला माणसं उभी केली जात. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. जगात तो अजून पूर्ण संपलेला नाही, म्हणून डोस चालूच आहेत.

आमच्या गावच्या बूथवर क्लबाचा बॅनर असायचा, टोप्या असायच्या, चहाचे पैसेही ते द्यायचे. बर्फाचा डबा मात्र अंगणवाडी सेविकेच्या मांडीवर असायचा. सोमवारपासून घरोघरी जायचं, सगळी लेकरं झाली की दारावर खडूने ‘पी’, एखादं राहिलं की ‘एक्स’, आणि त्या एक्सच्या घरी पुन्हा जायचं. वीटभट्टीवर गेलेलं कुटुंब, रानात तेंदूपत्त्यासाठी गेलेलं कुटुंब, बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, ही माहिती कुठल्या क्लबाच्या वहीत नव्हती. ती सेविकेच्या आणि आशाताईच्या डोक्यात होती. पैसा आणि बॅनर लागतोच, मी नाही म्हणत नाही. पण प्रमाणपत्र मिळालं त्याचे फोटो पाहताना मला तो खडू आठवतो.

रक्तदानाचं थोडक्यात. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलची लेकरं आहेत, त्यांना रक्त लागतं आणि रक्त कारखान्यात होत नाही. २६ तारखेला रांगेत बायाही उभ्या राहतात. बोटाला सुई टोचतात, हिमोग्लोबिन साडेबारा भरलं नाही की परत पाठवतात. परत पाठवलेल्या बायांचा आकडा क्लबाच्या अहवालात कधी येत नाही, किती बाटल्या जमल्या तेवढंच येतं. मला विचाराल तर तो परत पाठवलेल्यांचा आकडा जास्त कामाचा आहे. ती यादी आपल्या गटाने मागून घ्यावी आणि उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंना दाखवावी.

आता ३ तारीख. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. १८४८ ची पुण्यातली मुलींची शाळा सगळ्यांना पाठ आहे, शाळकरी पोरी भाषणात तेच सांगतात. पण एक गोष्ट भाषणात क्वचित येते. १८५२ मध्ये पुण्यात महिला सेवा मंडळ निघालं. कलेक्टरची पत्नी मिसेस जोन्स अध्यक्ष आणि सावित्रीबाई सचिव. तेव्हा त्यांचं वय एकवीस. शिकागोतली ती चार माणसं जमली त्याच्या त्रेपन्न वर्षं आधी आपल्या मुलखात बायांचा सेवा क्लब होता आणि त्याची वही एका बाईकडे होती!

त्या मंडळाचा पहिला गाजलेला कार्यक्रम कोणता? संक्रांतीचा तिळगूळ समारंभ, जानेवारी १८५२. आपण करतो तेच हळदीकुंकू. फरक एवढाच, की निमंत्रणातच लिहून टाकलं होतं: कोणत्याही जातीची बाई आली तरी सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल आणि सगळ्यांना सारखंच हळदीकुंकू दिलं जाईल. १८५२ मध्ये! ज्या काळात पाणी वेगळं, वाट वेगळी, सावलीसुद्धा वेगळी होती. कार्यक्रम तोच ठेवला, ज्याला बाया घरच्यांना सांगून निघू शकतील. बदललं फक्त जाजम. मला ही त्यांची हुशारी वाटते. सभा म्हटली असती तर किती आल्या असत्या?

मग आपण आपल्या जाजमाकडे पाहू. जातीचं आता कुणी उघड बोलत नाही, पण कोण कुठे बसते ते बघा. आणि एकल बाया? आमच्या गटाची कोषाध्यक्ष विधवा आहे. दर महिन्याच्या दहा तारखेला आम्ही सगळ्या आपापले शंभर रुपये तिच्या हातात देतो. बँकेत तिची सही चालते. आणि संक्रांतीला ती चुलीकडे, चहा गाळत. तिला कुणी बस म्हणायचं नाही आणि ती स्वतःही बसायची नाही. रोटरीच्या नियमात ‘पुरुष’ हा शब्द निदान छापलेला तरी होता. आमचा नियम कुठेच छापलेला नव्हता, म्हणून कोर्टात जायचीही सोय नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं, हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करा म्हणून परिपत्रक काढलं. आमच्या गटात ते परिपत्रक वाचलं तेव्हा सगळ्यांनी माना हलवल्या आणि पुढच्या संक्रांतीला कोषाध्यक्ष पुन्हा चुलीकडेच होती.

मागच्या वर्षी आम्ही ठरवलं. बोलावणं ‘सुवासिनींना’ न लिहिता ‘गावातल्या सर्व बायांना’ असं लिहिलं. दोघी-तिघी आल्या नाहीत, एकीच्या सासूने तर येऊन ऐकवलं. कोषाध्यक्ष आली. जाजमाच्या कडेला बसली. मी कुंकू पुढे केलं तर म्हणाली, नको, हळद लाव. मी हळद लावली. तिने वाण घेतलं, चहाची गाळणी होती, आणि म्हणाली, म्हणजे पुन्हा चहाच का? सगळ्या हसल्या. यंदा कुंकू लावते की हळद, ते तिचं ती ठरवेल. वाण मात्र बदलायचं ठरलं आहे.

आणि त्या क्लबाला आम्ही पत्र लिहिलं आहे. दोनच मागण्या. डोळ्यांच्या शिबिरात ‘नातेवाईक आवश्यक’ याऐवजी ‘नातेवाईक किंवा गटाची सभासद’ असं लिहा, आमच्या चौघी आळीपाळीने जायला तयार आहेत. आणि पत्रकात बायांची नावं छापताना त्यांचं स्वतःचं नाव छापा. उत्तर अजून आलेलं नाही, पण सचिवांनी फोनवर बैठकीत विषय ठेवतो म्हटलं आहे. बैठक रात्री आठला आहे. आमच्या दोघी जाणार आहेत, परतीसाठी दुकानदार भाऊंची गाडी सांगितली आहे.

हळदीकुंकू यंदा शाळेच्या पटांगणात आहे, दुपारी तीनला. गेल्या वर्षी जाजम पुरलं नाही, मागच्या बाया मातीत बसल्या, आणि शाळेचं आहे तेही एका कोपऱ्याला फाटलेलं. कुणाकडे लग्नाकार्यातलं मोठं जाजम असेल तर शनिवारपर्यंत सचिवबाईंना सांगा.